एलईडी इंडिकेटरचे लोड रेझिस्टर: 6 ओम सरसकट नको

सातारा, नोंद तिसरी

गाडीची आजची स्थिती: जुनी हॅचबॅक, फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) वेगळा, सहाही इंडिकेटर एलईडी, चार कोपऱ्यांत 8 ओमचे चार रेझिस्टर, एलईडीमुळे घटलेला करंट भरून काढायला. इंजिन चालू असो वा बंद, 15 सेकंदांत 21 टिकटिक, म्हणजे मिनिटाला 84. नियम 60 ते 120 चा आहे, त्यामुळे मध्यावर बसलोय. एलईडी लावताय म्हटल्यावर दुकानदार तो सोनेरी 6 ओम 50 वॅटचा तुकडा हातात ठेवतो. तो लावला तरी टिकटिक सुधारते, पण या गाडीला तो गरजेपेक्षा बराच जड पडला. म्हणून यावेळी आकडे सविस्तर.

मूळ लोड, म्हणजे साध्या बल्बांचा भार, आधी धरू. एका बाजूला पुढे 21 वॅट, मागे 21 वॅट आणि फेंडरवरचा छोटा 5 वॅट, मिळून 47 वॅट. 12 व्होल्टला भागलं की 3.9 अँपिअर. रिले हाच करंट मोजत असतो. एक 21 वॅटचा बल्ब गेला की 26 वॅट उरतात, करंट 2.2 अँपिअरवर येतो आणि रिले मुद्दाम दुप्पट वेगाने टिकटिकतो, जेणेकरून चालवणाऱ्याला कळावं. एलईडीने करंट कमी घेतला की रिलेला वाटतं बल्ब उडालाय. इथले एलईडी मोजले तर मोठा 0.2 अँपिअर घेतो आणि बाजूचा 0.05. एका बाजूचे तिन्ही मिळून जेमतेम 0.45. त्यावर 15 सेकंदांत 42 टिकटिक झाली.

मोजायची पद्धत सांगतो, कारण लुकलुकत्या करंटवर मल्टीमीटरचा आकडा एका जागी थांबत नाही. रिले उपसून काढा. त्याच्या सॉकेटमधल्या 49 आणि 49ए या पिनांमध्ये 10 अँपिअरच्या फ्यूजमार्गे मीटर जोडा, मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात. काही रिलेंवर याच पिनांना बी आणि एल लिहिलेलं असतं, अर्थची पिन 31 किंवा ई. आता इंडिकेटरची दांडी एका बाजूला पाडली की इंडिकेटर न लुकलुकता सतत पेटतो आणि आकडा स्थिर राहतो. फक्त अर्ध्या मिनिटात वाचून बंद करा. सतत चालू असताना रेझिस्टर नेहमीच्या दुप्पट तापतो. आणि ही मोजणी एका बाजूचीच करा, चारही एकदम नको.

एका बाजूचा एकूण करंट, म्हणजे समांतर जोडलेले दोन रेझिस्टर आणि तिन्ही एलईडी मिळून, असा आला. 10 ओम लावल्यावर इंजिन चालू, 13.8 व्होल्ट: 3.2 अँपिअर, टिकटिक व्यवस्थित. इंजिन बंद, 11.8 व्होल्ट: 2.8 अँपिअर, आणि टिकटिक पुन्हा धावायला लागली. 8 ओमवर 13.8 ला 3.9 आणि 11.8 ला 3.4, दोन्हीकडे शांत. 6 ओमवर 13.8 ला सरळ 5.05.

10 ओमची गंमत बघा. सकाळी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काम केलं तर सगळं ठीक वाटतं, संध्याकाळी बंद गाडीत दांडी हलवली की बिघडलेलं. वायरिंगवर संशय घ्यायची गरज नाही. बल्बची तार गरम झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी बल्बचा करंट हळू उतरतो. रेझिस्टर मात्र ओमच्या नियमाने सरळ उतरतो. रिले बल्बच्या हिशोबाने घडवलेला आहे. या रिलेची सीमा साधारण 3 अँपिअरच्या आसपास दिसते, आणि 10 ओम नेमका त्या सीमेवर लोंबकळतो. 8 ओमवर आलेले 3.9 म्हणजे कागदावरचा मूळ 47 वॅटचाच आकडा. बाजारात 8 न मिळाल्यास 8.2 घ्या, फरक पडत नाही.

फक्त मागचेच एलईडी केले असतील तर पुढचा बल्ब आणि बाजूचा 5 वॅट तसेच राहतात, तेव्हा प्रत्येक बाजूला एकच रेझिस्टर लागतो. उगाच चार लावू नका.

आता हॅझार्ड, ज्याला आपल्याकडे पार्किंग लाइट म्हणतात. खरी परीक्षा तिथे होते. पावसाळ्यात यवतेश्वर घाट चढून कासकडे निघालं की धुक्यात अर्ध्या गाड्या चारही इंडिकेटर लावून चालतात. पद्धत चुकीचीच आहे. वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही, लो बीम आणि फॉग लाइट पुरे. पण गाडी कुणाच्याही हातात जाऊ शकते, म्हणून वायरिंग त्या हिशोबानेच केलं पाहिजे. चारही कोपऱ्यांत 6 ओम असले तर हॅझार्डवर 10.1 अँपिअर होतात आणि फ्यूज आहे 10 चा. अर्धा वेळ बंद असल्यामुळे फ्यूज लगेच जाणार नाही, पण रिलेचे आणि हॅझार्ड स्विचचे काँटॅक्ट दर टिकटिकीला हा भार तोडतात आणि काळे पडतात. फ्यूज गेलाच तर त्या जागी 20 चा घालणारे महाभाग आहेत. मग फ्यूजऐवजी वायर जळते. 8 ओमवर हॅझार्डचा आकडा 7.8, मूळ बल्बांच्या 94 वॅटइतकाच.

उष्णतेचं गणितही तिथूनच. 13.8 व्होल्टवर 8 ओम 24 वॅट जाळतो, 6 ओम 32 वॅट. अर्धा वेळ धरून सरासरी 12 आणि 16. 50 वॅट छापलेला रेझिस्टर 12 वॅटला काय तापणार, असं वाटतं. पण ते 50 वॅट धातूच्या पाट्यावर घट्ट बसवल्यावरचे असतात, हवेत लोंबकळताना नव्हे. हॅझार्ड दहा मिनिटं लावून मीटरच्या थर्मोकपलने (तापमान मोजणारी वायर) पाहिलं. बाहेर 31 अंश होते. मोकळा टांगलेला रेझिस्टर 108 अंशांवर गेला. तोच 100 बाय 75 मिलिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आणि पट्टी बॉडीच्या पत्र्याला कसल्यावर 58 वर थांबला. खोक्यासोबत येणारी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सरळ कचऱ्यात टाका. ती तापून सुटते आणि रेझिस्टर वायरच्या जुडग्यावर नाहीतर बंपरच्या प्लॅस्टिकवर जाऊन बसतो. केबल टायचं आणि हॉट ग्लूचंही तेच.

बसवताना रेझिस्टरच्या तळाला थर्मल पेस्टचा पातळ हात द्यायचा, दोन्ही कानांतून एम3 स्क्रू आणि स्प्रिंग वॉशर. पट्टी जिथे पत्र्याला टेकते तिथला रंग खरवडायचा. मागच्या दोन्हींची जागा डिकीच्या आत, दिव्याच्या मागच्या पत्र्यावर, गालिच्यापासून चार बोटं लांब. पुढच्यांना हेडलाइटमागच्या लोखंडी आडव्या पट्टीवर जागा मिळाली. हेडलाइटचं प्लॅस्टिक, कूलंटची बाटली आणि पेट्रोलचा पाइप या तिघांपासून अंतर हवंच.

जोडणी समांतर: एक टोक इंडिकेटरच्या वायरला, दुसरं बॉडी अर्थला. रेझिस्टरला उलटसुलट नसतं, एलईडीला असतं. वायर 0.75 चौरस मिलिमीटर पुरते. अर्थला रिंगचा लग, एम6 बोल्ट, वरून ग्रीस. चावून बसणारे टॅप (वायर न सोलता दाबून बसणारे जोड) वापरले नाहीत. ते आतल्या चार-पाच तारा कापतात, त्यात साताऱ्याचा पाऊस शिरला की एका मोसमात तांबं हिरवं होतं आणि टिकटिक अधूनमधून धावते. मग माणूस रिले बदलत बसतो. सोल्डर आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह, किंवा होल्डरमध्येच बसणारी तयार जोडवायर. नवी गाडी वॉरंटीत असेल तर जोडवायरच बरी, मूळ वायर कापावी लागत नाही.

बल्ब घेताना पिना बघा. पारदर्शक 21 वॅटच्या पिना समोरासमोर 180 अंशांवर असतात, नारिंगीच्या 150 अंशांवर, मुद्दाम, म्हणजे चुकीचा रंग बसू नये. पिन कानशीने घासून पांढरा एलईडी कोंबायचा उद्योग नको. इंडिकेटर नारिंगीच हवा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 102 वा नियम तेच सांगतो. नारिंगी काचेमागेही नारिंगीच एलईडी घ्या. पांढऱ्याच्या उजेडात निळा जास्त असतो, तो काच गिळते आणि दिवा फिका दिसतो.

एक तोटा मान्य करावा लागतो. रेझिस्टर असताना एलईडी मेला तरी रिलेला पत्ता लागत नाही, करंट जवळजवळ तेवढाच. उलट रेझिस्टरची वायर तुटली तर टिकटिक धावते. म्हणजे इशारा आता रेझिस्टरचा मिळतो, दिव्याचा नाही. दर आठवड्याला भिंतीसमोर गाडी लावून चारही कोपरे डोळ्यांनी पाहायचे.

रिले वेगळा निघत असेल तर लोड न बघणारा एलईडी फ्लॅशर लावणं सोपं आणि थंड, हे खरंच आहे. फक्त पिनांचा क्रम जुळतो का ते सॉकेटवर तपासा. इथे रेझिस्टर घेतले ते मोजणी सोपी होते म्हणून. ज्या गाड्यांत टिकटिक बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधूनच (दिवे वगैरे सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) येते तिथे बदलायला रिलेच नसतो, आणि त्यांना हे आकडे लागतात. अशा काही गाड्यांत मॉड्यूल बल्ब शाबूत आहे का हे पाहायला बारीक झटके सोडतं, त्याने बंद एलईडीही मिणमिणतो; रेझिस्टर ते झटके पिऊन टाकतो. मात्र मॉड्यूलच्या सॉकेटमध्ये वर सांगितलेला, मीटरने पिना जोडण्याचा प्रयोग अजिबात करू नका. तिथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या.

राहिलेलं काम: पुढच्या उजव्या पट्टीचा एक स्क्रू हजार किलोमीटरनंतर पाव फेरा सैल निघाला. तिथे पूर्ण धातूची लॉक नट टाकायची आहे. पाऊस संपला की चारही अर्थ पुन्हा उघडून पाहणार.