मंद्रातला एक ट्रिल

पियानोची जुळणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे. पुण्यात तो करणाऱ्याचा खरा कस पावसाळ्यात लागतो, कारण हवेतली ओल लाकडात आणि फेल्टमध्ये, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीत, उतरते, पट्ट्या जड होतात आणि तारांचा स्वर चढतो. अशाच एका ऑगस्टमध्ये, कॅम्पातल्या एका सभागृहात, एकल मैफलीच्या आदल्या दिवशी जे काम माझ्या वाट्याला आले, त्याने वादनातल्या तयारीविषयीची माझी समजूत बदलली.

कार्यक्रमपत्रिकेत पूर्वार्धात संगीतकार शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा (अनेक भागांची पियानोरचना) आणि उत्तरार्धात पियानोवादक-संगीतकार लिस्टचे ‘ला काम्पानेल्ला’ होते. सारी मेहनत लिस्टसाठी लागणार, असे गृहीत धरून मी सकाळीच पोहोचलो. त्या रचनेत उजवा हात दोन-दोन सप्तकांच्या उड्या घेतो आणि वरच्या टोकाला तीच पट्टी वेगाने पुन्हा पुन्हा वाजते. हे शक्य होते ते सेबास्तियां एरार यांनी 1821 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे: तारेवर आघात करणारी हातोडी तारेजवळच अडवली जाते आणि पट्टी पूर्ण वर येण्याआधी दुसरा आघात करता येतो. वरच्या दोन सप्तकांतली ही यंत्रणा मी एकेका पट्टीगणिक तपासून ठेवली होती.

दुपारी वादिका आली. युरोपात शिकणारी, पुण्याचीच मुलगी. तिने ‘काम्पानेल्ला’ एकदा सलग वाजवले. एकही स्वर निसटला नाही. “छान आहे काका, आता याला हात लावू नका,” एवढेच म्हणून ती शूबर्टकडे वळली आणि आठव्या बारपाशी, म्हणजे स्वरलिपीतल्या मात्रांच्या आठव्या गटापाशी, थांबली. तिथे डावा हात अगदी खालच्या सप्तकात, अतिशय हळू आवाजात, जी फ्लॅट या स्वरावर ट्रिल घेतो, म्हणजे तो आणि शेजारचा स्वर झपाट्याने आलटून पालटून वाजवतो. “तो ऐकू यायला हवा, पण सुरू कधी झाला ते कळता कामा नये,” ती म्हणाली.

उरलेली दुपार त्या एका ट्रिलवर गेली. पट्टी हलकेच दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नव्हती आणि किंचित जोर दिला की स्वर एकदम उमटत होता. तारेपासून जितक्या अंतरावर हातोडी यंत्रणेतून सुटते, ते अंतर मी कमी करून सुमारे 2 मिलिमीटरवर आणले. त्याहून कमी केले असते, तर तांब्याने वेढलेली जाड तार जोरकस आघातानंतर परत हातोडीवर आदळली असती. ओलीने फुगलेले पट्ट्यांचे फेल्ट सैल केले. मग तिने सगळ्याच पियानोचा आवाज थोडा मऊ करायला सांगितले. हातोड्यांच्या फेल्टमध्ये सुया टोचून तो मऊ करता येतो, पण मग वरच्या सप्तकातली लिस्टची चमक कमी होईल, हे मी तिला स्पष्ट सांगितले. “जाऊ दे. बोटांनी आणता आली तेवढी आणीन,” ती म्हणाली. मैफलीआधी माझ्याकडे होणारी मागणी बहुधा याच्या उलट असते.

लिस्टने 1832 मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक पागानिनीला ऐकले आणि व्हायोलिनवरचे ते अचाट कौशल्य पियानोवर आणण्याचा ध्यास घेतला. इतरांना जे अशक्य ते करून दाखवणारा, असा वादक त्यातून घडला. शूबर्टचा हा सोनाटा 1828 मधला, त्याच्या अखेरच्या महिन्यांतला. पण त्या शतकातल्या वादनवीरांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. तो मैफलीत रुजवण्यात पियानोवादक आर्थर श्नाबेल यांचा मोठा वाटा आहे. त्याच श्नाबेल यांनी 1932 ते 1935 या काळात बेथोव्हनचे सगळे 32 सोनाटे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतल्या ओपस 106 या सोनाट्याच्या पहिल्या भागात, बेथोव्हनने लिहून ठेवलेली भयंकर गती गाठताना, त्यांचे अनेक स्वर चुकले. ते ध्वनिमुद्रणात तसेच राहिले. पुढे चुंबकीय फीत कापून जोडता येऊ लागली, पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी 1964 मध्ये ध्वनिमुद्रणासाठी मैफलीच सोडल्या, आणि निर्दोष वादन ही श्रोत्यांची किमान अपेक्षा होऊन बसली. संगीतशाळेतला विद्यार्थीही ‘काम्पानेल्ला’ स्वच्छ वाजवतो, म्हणूनच त्या मुलीला आपली परीक्षा आठव्या बारमध्ये दिसत होती.

या बदलात एक गोष्ट गमावली, याची मला खंत वाटते. लिस्ट श्रोत्यांनी सुचवलेल्या सुरावटींवर तिथल्या तिथे वादन रचत असे. ती उपज आज मैफलीतून जवळजवळ गेली आहे. आमच्या शहरात, जिथे रागसंगीताचा श्रोता उपजेलाच दाद देतो, तिथे तर ही उणीव जास्तच जाणवते.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो. ट्रिल आला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी बाहेर गाडी थांबल्यासारखे दरवाजाकडे पाहिले आणि मग ते पुढे सरकून बसले. उत्तरार्धात वरची चमक कमी पडली, तेही मला ऐकू आले. तरीही तिचा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटला.

कार्यक्रमानंतर व्यवस्थापकांनी पुढच्या मैफलीसाठी आवाज पुन्हा चढा करून द्यायला सांगितले. हातोड्यांना मी हात लावला नाही. पुढच्या कलाकाराने आधी वाजवून पाहावे आणि मग ठरवू, असे सांगून मी हत्यारे आवरली.