तेरावा नाही, एकतिसावा खंड

गेल्या आठवड्यात मी आमच्या लायब्ररीमार्फत एक जुना रिसर्च पेपर मागवला होता, १९७१ चा, आणि दोन दिवसांनी लायब्ररीतून मेल आला की जर्नलच्या तुम्ही दिलेल्या खंडात त्या पानावर भलताच लेख आहे, हा संदर्भ कुठून घेतलात तेवढं सांगा. मी तो एका रिव्ह्यू पेपरच्या, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या लेखाच्या, संदर्भयादीतून जसाच्या तसा उचलला होता. लायब्ररीतल्या मॅडमनी लेखकाच्या नावाने शोधलं तर खंड १३ नव्हताच, ३१ होता, रिव्ह्यूवाल्याने आकडे उलटे छापले होते आणि मीही तेच पुढे पाठवले. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठात कुणीतरी रॅकवरून जाडजूड बांधीव खंड काढला, पान उघडलं, लेख नाही म्हणून परत ठेवला, आणि मग माझ्यासाठी पुन्हा एकदा गेलं. मला हे फार लागलं.

आपल्याला वाटतं की फॉर्म भरला की कुठल्यातरी सर्व्हरवरून पीडीएफ येते. नवीन पेपरच्या बाबतीत खरंच तसं असतं कधीकधी, बऱ्याच लायब्ऱ्या प्रकाशकाकडून एकेक लेख विकत घेऊन देतात आणि तो तासाभरातही येतो. पण जुनं काही असेल तर ते माणूसच शोधतो. आपल्या लायब्ररीने दुसऱ्या लायब्ररीतून असं मागवून देण्याला इंटरलायब्ररी लोन म्हणतात, पण लेख असेल तर परत काही द्यायचं नसतं, प्रत आपल्याकडेच राहते, फक्त स्वतःच्या अभ्यासापुरती, ग्रुपवर टाकायची नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात बॉस्टन स्पा जवळ १९६२ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाचं एक अख्खं ग्रंथालय उघडलं ते मुळी टपालाने साहित्य पुरवण्यासाठीच, पुढे १९७३ मध्ये ते ब्रिटिश लायब्ररीत सामील झालं. इतकं जुनं आणि मोठं काम आहे हे, आणि आपली रिसर्च करणारी मुलं पेवॉल दिसली, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नाही असं दिसलं, की एकतर खिशातून पैसे भरतात नाहीतर तो पेपर सोडून देतात. सोडून देतात याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मग थीसिसमध्ये न वाचलेला पेपर दुसऱ्याच्या भरवशावर लिहिला जातो आणि १३ चे ३१ कधी होतच नाहीत.

तर मागवायच्या आधी पाच मिनिटं द्या. डीओआय असेल तर तोच टाका, म्हणजे प्रत्येक लेखाला दिलेला त्याचा स्वतःचा, १० आणि टिंबाने सुरू होणारा नंबर, ही पद्धत २००० साली आली पण नंतर जुन्या पेपरनाही नंबर दिलेत, त्यामुळे जुना आहे म्हणून नसेलच असं धरू नका. अनपेवॉलवर बघा, लेखाची मोफत आणि कायदेशीर प्रत कुठे आहे ते ही सेवा शोधून देते, कधी लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर स्वीकारलेली प्रत ठेवलेली असते. डेटाबेसमध्ये लायब्ररीचं बटण असेल तर तिथूनच जा, फॉर्म आपोआप भरतो, टायपिंगच्या चुका टळतात. जर्नलचं नाव पूर्ण लिहा, संक्षेप नको, कारण एकसारख्या संक्षेपाची दोन जर्नल्स असतात, शिवाय जर्नलचं नाव बदललं की बहुतेक वेळा आयएसएसएनही बदलतो (हा जर्नलचा ओळख क्रमांक, आठ अंकी असतो, शेवटी कधी एक्स येतो). आणि संदर्भ कुठून मिळाला हे शेरा लिहायच्या जागेत लिहाच, त्या मेलनंतर मी हे प्रत्येक वेळी करते, शोधणाऱ्याला तिथूनच धागा मिळतो.

आणखी एक, लेखाची लिंक आली की लगेच डाउनलोड करा. ती ठरावीक दिवसच चालते, माझी एक अशीच गेली होती आणि सगळी विनंती पुन्हा करावी लागली.

तो १९७१ चा पेपर आला शेवटी. बांधणीच्या बाजूला पान वळलेलं, तिथे काळी सावली, आणि तक्ता २ च्या शेजारी कुणीतरी पेन्सिलने बारीकशी बरोबरची खूण केलेली, मला हवा होता तोच तक्ता! आकृती ४ मधला फोटो मात्र नुसता काळा डाग झाला होता. मी भीत भीतच मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, विचारायचं ना, त्यांना ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसतं काळं-पांढरं नाही तर करड्या छटांसकट स्कॅन करून, परत मागू." आज सकाळी ते एक पान आलं. पेशींच्या कडा स्पष्ट दिसतायत, मोजता येतायत.