निकाल राखून ठेवला आहे

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हाच ठरवलं, लिहीन तर बाईंवर. नाव लिहायची गरज नाही. आमच्या बॅचसाठी नागरिकशास्त्राच्या त्या 'बाई', बाकी सगळ्या मॅडम.

१९९४ साल, आम्ही नववीत. डॉक्टर १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येतात की नाही, यावर तेव्हा देशभर वाद चालू होता. राष्ट्रीय ग्राहक आयोग म्हणे येतात, मद्रास उच्च न्यायालय म्हणे नाही. बाई कात्रण घेऊन वर्गात आल्या. "मग आपल्या इंदूर खंडपीठातही होऊन जाऊ दे!" चित्रकलेच्या हॉलमध्ये कोर्ट उभं राहिलं. काळा कोट एकच मिळाला, तोही कुणाच्या तरी टीसी काकांचा. बोलायला उठेल त्याने तो घालायचा. डॉक्टरांचा वकील बोलून झाल्यावरही कोट काढेना, मी हात पसरून उभी. शेवटी न्यायमूर्ती बाईंनी कोट ताबडतोब रुग्णपक्षाला देण्याचा अंतरिम आदेश काढला. माझ्या गुडघ्यांपर्यंत आला तो!

उपचार ही व्यक्तिगत सेवा, म्हणजे मालकाच्या हुकमाने केलेली चाकरी, म्हणून कायद्याबाहेर, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी म्हटलं, आमच्या भांडीवाल्या मावशी आई सांगेल तसं काम करतात. डॉक्टरला कोणता पेशंट सांगतो, इथे काप, तिथे शिव? टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वकीलसाहेब, एमवायच्या सरकारी रुग्णालयात फुकट उपचार घेणारा केसपेपरचे किरकोळ पैसे भरतो. झाला का तो ग्राहक?" माझी बोबडी वळली. बाईंनी निकाल राखून ठेवला.

तो लागला पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. १३ नोव्हेंबर १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला आणि बाईंनी दहावीच्या वर्गात येऊन तो आपलाच असल्यासारखा वाचला. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर कायद्याच्या कक्षेत. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारी रुग्णालयं बाहेर, आणि नोंदणीच्या नाममात्र पैशांनी त्यात फरक पडत नाही. म्हणजे बाईंचा प्रश्न थेट दिल्लीत विचारला गेला होता! असे शिक्षक आता कुठे? आता नागरिकशास्त्र म्हणजे गाईडमधले पाच प्रश्न. मराठीतून भांडणारी मुलंही इंदुरात कमीच उरली.

मी पुढे एमजीएममधून डॉक्टर झाले. देवासला माझं नर्सिंग होम आहे, पेशंटने भरपाई मागितलीच तर म्हणून काढलेल्या इन्डेम्निटी पॉलिसीचा दरवर्षी हप्ता भरते आणि दर वेळी त्या टाळ्या आठवून हसू येतं. पेशंटला मात्र ऑपरेशनआधी सगळं समजावून सांगते, सहीची घाई करत नाही. ही बाईंचीच शिकवण, मेडिकल कॉलेजची नव्हे.

२०१९चा नवा कायदा आल्यावर तोच वाद मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा गेला आणि २०२१मध्ये डॉक्टरांची याचिका फेटाळली गेली. समितीला विनंती, महोत्सवात त्यावर एक सुनावणी ठेवाच. या वेळी डॉक्टरांकडून मी उभी राहीन. कोट माझा मी आणते.