राजाची खेळणी कुठे आहेत?

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. मागे एकदा आम्ही तीन तुकड्यांची ऐंशीएक मुलं घेऊन एका मोठ्या संग्रहालयात गेलो होतो. रांग, शिट्टी, "पुढे चला, पुढे चला", "हात लावू नका". दुसऱ्या दिवशी "काल काय पाहिलं, काढा" म्हटलं, तर निम्म्याहून जास्त मुलांनी बस काढली होती. ती चित्रं बघून मला फार वाईट वाटलं. मुलांनी खोटं काही काढलं नव्हतं. त्यांना नीट पाहता आली होती ती बसच.

म्हणून या वेळी माझ्याच वर्गातली २६ मुलं, सोबत चार आया, एक आजी, आणि पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथेही मोजकंच पाहायचं ठरवलं. आधी एका शनिवारी मी एकटी जाऊन आले. प्रत्येक कपाटासमोर उकिडवी बसून पाहिलं. आपल्याला उभ्याने जी वस्तू स्पष्ट दिसते, तिच्या जागी त्या उंचीवरून कधी कधी काचेत फक्त दिव्याची तिरीप दिसते. मुलांना नेण्याआधी एकदा तरी असं खाली बसून पाहावंच, असं माझं मत आहे.

आदल्या दिवशी वर्गात केळकरांची गोष्ट सांगितली. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६ चा. घरचं चष्म्याचं दुकान. गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या, त्यात पत्नी कमलाबाईंची साथ. जमता जमता त्या वीस हजारांच्या वर गेल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला, त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव. हे शेवटचं सांगू की नको, असं मला दोन दिवस वाटत होतं. पण नावातच जे आहे ते लपवायचं कसं? मुलं गप्प ऐकत राहिली. एकाने "किती लहान?" विचारलं. मी म्हटलं, "तुमच्यासारखाच."

दुसऱ्या दिवशी दारातून आत शिरतो न शिरतो तोच एका मुलीने माझा पदर ओढला. "बाई, राजाची खेळणी कुठे आहेत?"

हा प्रश्न येईल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी खाली बसले आणि म्हटलं, "अगं, हे सगळंच त्याच्यासाठी आहे." तिने आजूबाजूला पाहिलं. "मग यातलं त्याला काय आवडलं असतं?"

आम्ही ठरवून आणलेलं सगळं बाजूला राहिलं. २६ जण राजासाठी वस्तू शोधू लागले.

अडकित्त्यांपुढे चर्चा झाली. घाट एकाहून एक सुंदर, पण एका मुलाने निकाल दिला, "हे नको, लहान मुलांना सुपारी देत नाहीत." पक्ष्याच्या घाटाची वज्री कुणालाच ओळखता आली नाही. सोबतच्या आजींनी आपला पाय पुढे करून टाच कशी घासायची ते दाखवलं, तशी सगळी मुलं उभ्या उभ्या टाचा घासायला लागली. "एवढ्या छान पक्ष्याने पाय घासायचे?" एकीला ते पटेना. आजी म्हणाल्या, "अगं, रोजच्या वस्तूच छान करायचे तेव्हा." माझ्या धड्यात मी हेच सांगणार होते, पण इतकं सोपं मला जमलं नसतं.

दिव्यांपाशी मात्र सगळे थबकले. समया, लामणदिवे, साखळीला टांगलेले, हातात धरायचे. तिथल्या काकांना विचारून आम्ही जमिनीवर बसलो. तेल कुठे घालतात, वात कुठून येते, साखळी कशाला, एकेक निघत गेलं. "लाईट गेली की मला भीती वाटते," एक मुलगा म्हणाला. "राजाला पण वाटत असेल. त्याला हा देऊ." त्याने बोट दाखवलं ते सगळ्यात साध्या, छोट्या दिव्याकडे. त्यावर कुणी वाद घातला नाही. कागद निघाले, खडू निघाले, अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

मस्तानी महाल राहिला. कोथरूडहून आणून इथे उभारलेला तो महाल पाहायचाच, अशी एका आईची फार इच्छा होती, आणि तिची हिरमुसली नजर मला दिसत होती. पण दिव्यांपुढून मुलांना उठवायला माझं मन होईना. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. महाल तिथेच आहे, मुलांना परत नेता येईल.

निघताना जोड्या लावल्या, मुंडकी मोजली. दारात तो अंधाराला भिणारा मुलगा मागे वळला आणि म्हणाला, "राजा, जातो आम्ही."

त्याचा हात धरलेल्या मुलीने त्याला लगेच थांबवलं. "जातो नाही म्हणायचं. येतो म्हण."

"राजा, येतो," तो म्हणाला.