शून्य टक्क्यांवर थांबलेली फाइल

रात्री साडेआठला शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून मामांचा फोन आला. "ताई, फाइल जाईनाच बघा. तीनदा लावली, शून्याच्या म्होरं हलत न्हाई."

फाइल एका मोठ्या कास्टिंगच्या थ्रीडी स्कॅनची होती, 3200 एमबीची. पुण्याच्या ग्राहकानं ती बघून होकार दिल्याशिवाय भरलेला ट्रक गेटबाहेर काढायचा नव्हता. फाइल पाठवायचा प्रोग्राम माझा. आठवड्यापूर्वीच मी त्यात बदल केला होता: आधी पॅरामिको ही लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) वापरून एसएफटीपीनं, सर्व्हरवर सुरक्षितपणे फायली पाठवायच्या पद्धतीनं, त्या जायच्या, आता बोटो3 ही दुसरी लायब्ररी वापरून अ‍ॅमेझॉन एस3 या ऑनलाइन साठवणीत.

राजारामपुरीतून निघाले. तावडे हॉटेल, मग पंचगंगेचा पूल. वाटेत एकच विचार, नेट गेलं असणार. नेट व्यवस्थित होतं. मामांनी माझ्यासमोर चौथ्यांदा फाइल लावली. पडद्यावर 0%. टास्क मॅनेजर उघडला, तर अपलोडचा वेग चांगला दिसत होता. म्हणजे फाइल जात होती!

लॅपटॉपवरून एस3 वरच्या अर्धवट अपलोडची यादी काढली. मोठी फाइल बोटो3 मुळातच 8 एमबीच्या तुकड्यांत पाठवतं, आणि सगळे तुकडे पोचल्यावर ते जोडायला सांगतं. मधेच प्रोग्राम बंद केला, तर पोचलेले तुकडे तिथंच पडून राहतात; पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. चालू असलेलं सोडून यादीत तीन अपलोड होते. 400 तुकड्यांपैकी पहिल्यात 377 पोचलेले, दुसऱ्यात 148, तिसऱ्यात 61.

377 हा आकडा बघून पोटात गोळा आला. मामा पहिल्यांदा वीसेक मिनिटं थांबले होते. आणखी दीड मिनिट थांबले असते तर फाइल पोचली असती. पण वीस मिनिटं शून्य बघणाऱ्या माणसानं आणखी का थांबावं? पुढच्या दोन वेळा त्यांचा धीर लवकर सुटला, तोही माझ्याच आकड्यामुळं.

चूक माझ्या कॉलबॅकमध्ये होती. कॉलबॅक म्हणजे आपण लायब्ररीच्या हाती दिलेलं फंक्शन. माल पुढं सरकला की लायब्ररी त्याला हाक मारून आकडा सांगते. पॅरामिको दोन आकडे देतं: आतापर्यंत एकूण किती बाइट गेले आणि फाइल केवढी आहे. बोटो3 एकच देतं, आणि तो फक्त मागच्या हाकेनंतर गेलेल्या बाइटचा असतो. बेरीज आपण करायची. मी तो आकडा एकूण समजून थेट 3200 एमबीनं भागत होते, म्हणून दर वेळी शून्य. घरी चाचणी केली होती ती 3 केबीच्या फाइलवर. ती एकाच घासात गेली, लगेच 100% दिसलं, आणि मी निश्चिंत झाले. ही चाचणी नव्हतीच.

चालू फाइलला हात लावला नाही. मी तुकडे मोजून मोठ्यानं सांगत होते, "दोनशे दहा... तीनशे चाळीस..." आणि मामा तो आकडा दारातून ट्रकवाल्याला. बावीस मिनिटांनी फाइल पोचली. दहाच्या सुमारास पुण्याहून होकार आला, ट्रक हलला.

त्या रात्री तिथंच बसून कॉलबॅक नव्यानं लिहिला. येणारा आकडा बेरजेत मिळवायचा. आणि बोटो3 एका वेळी अनेक थ्रेडमधून, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांतून, हाक मारतं म्हणून बेरजेला कुलूप, म्हणजे लॉक: एका वेळी एकानंच बेरीज बदलायची. टक्का बदलला तरच पडदा बदलायचा. एखादा तुकडा पुन्हा पाठवावा लागला तर वजा आकडाही येतो आणि टक्का मागं जातो. तो मी मागं जाऊ दिला. बघणाऱ्याला खरं तेच दिसावं.

शंभर टक्क्यांवरही थोडं थांबावं लागतं, कारण तुकडे जोडायचे बाकी असतात. तिथं मी 'जोडणी चालू, बंद करू नका' असं लिहिलं. मामांनी वाचून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये बरं केलंसा. पण किती वेळ झाला, त्ये बी दावा की."

टक्क्याशेजारी मिनिटं-सेकंद घातले. मग एस3 वरचे ते तीन अर्धवट अपलोड पुसले, कारण पडून राहिलेल्या तुकड्यांचंही भाडं लागतं, आणि सात दिवसांत पुरा न झालेला अपलोड आपोआप पुसण्याचा नियम लावला. निघाले तेव्हा साडेबारा वाजले होते.