काळी नदीवर कयाक, तंबू आणि दाजी : माझा अनुभव

दांडेली म्हटलं की आमच्या बेळगावच्या पोरांना रिसॉर्ट, तासाभराचं राफ्टिंग आणि रात्री डीजे एवढंच दिसतं. मला ते नको होतं. शनिवार-रविवार नदीवर, स्वतःच्या हातानं वल्हवत जायचं आणि मधली रात्र काठावर तंबूत काढायची असं डोक्यात होतं, पण ताई मला एकट्याला सोडेना, मग तिनंच दाजींना माझ्या गळ्यात बांधलं. दाजी पन्नाशी पार केलेले, बीपीची गोळी चालू, पण पोहायला पट्टीचे, लहानपण सगळं खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठावर गेलंय त्यांचं. "कयाक म्हणजे काय रे, होडीच न्हवं? त्यात काय शिकायचं असतंय," हे त्यांचं पहिलं वाक्य.

बुकिंगच्या आधी मी बऱ्याच जणांना फोन लावले आणि सगळ्यांना एकच विचारलं, आम्हाला मुद्दाम पाण्यात पाडून दाखवणार काय? एकजण म्हणाला, "सर टेन्शन घेऊ नका, लाईफ जॅकेट असतंय, काय होत नाही." तो कट. एकानं रेटच निम्म्यावर आणला, मी न मागता, म्हणजे तिथं गाईड किती जणांमागं एक असणार ते कळलंच. शेवटी एकजण भेटला, तो म्हणाला पहिली सकाळ फक्त पडायचं आणि परत चढायचं, दुसरं काही नाही, आणि ज्याला ते जमलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी वाहत्या पाण्यात नेणार नाही, वर पैसे पण परत देणार नाही. एवढं तोंडावर सांगणाऱ्याकडंच बुक केलं.

अजून एक गोष्ट त्यानं फोनवरच सांगून टाकली, ती आधी कुणीच बोललं नव्हतं. काळी नदी तिथं आपल्या मनानं वाहत नाही. गणेशगुडीला सुपा धरण आहे, १०१ मीटर उंच, त्याच्या पायथ्याला वीजघर आहे, आणि ते चालू झालं की खालच्या नदीला पाणी येतं, बंद झालं की दगड उघडे पडतात. त्यामुळं किती वाजता निघायचं हे आपण ठरवायचं नाही, वीजघर ठरवणार. ज्यांना मिनिटाचा प्लॅन लागतो त्यांनी ह्या भानगडीत पडू नये.

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे निघालो. खानापूर, गुंजी (दाजींनी माउलीला गाडीतूनच हात जोडले), लोंढा करत रामनगर. रामनगरला चहा घेताना दाजी म्हणाले हे गाव बघ, हे सगळं धरणात गेलेल्या लोकांचं वसवलेलं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचं नाव पण सुप्याचं जोयडा झालं. ज्या धरणाच्या पाण्यावर आम्ही मजा मारायला चाललो होतो त्याच धरणाची ही दुसरी बाजू, आणि चहावाल्याला दोन्ही सवयीचं. पुढं जगलबेटवरून गणेशगुडी.

तिथं आधी फॉर्म. दमा आहे काय, फिट येते काय, खांदा कधी निखळलाय काय, गोळ्या कुठल्या. दाजींनी सगळीकडं 'नाही' लिहायला पेन उचललं आणि मी बीपीच्या रकान्यावर बोट ठेवलं. गाईड पोरगा तिथलाच, जोयड्याकडचा गवळी, मराठी बोलणारा, त्यानं शांतपणे गोळीचं नाव लिहून घेतलं, सकाळची घेतली काय विचारलं आणि एक पट्टी वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून स्वतःजवळ ठेवली. खोटं लिहून काय मिळणार, नदीत आपली माहिती त्यालाच लागणार की.

मग कयाक बघितल्यावर दाजींचा आवाज, "अवो अण्णा, ह्याला भोकं पडल्यात!" खरंच तळापर्यंत आरपार भोकं. गाईड हसला, त्याला हे रोजचंच असणार. ह्या कयाकमध्ये आत बसायचं नसतं, वर बसायचं असतं. खालचा पोकळ भाग सगळीकडून बंद, हवा त्यात, म्हणून ती तरंगते, आणि भोकं आहेत ती वर आलेलं पाणी खाली निघून जायला. होडीसारखं पाणी उपसत बसायला लागत नाही. बुड मात्र कायम ओलं, हे कुणी सांगत नाही, मी सांगतो. जीन्स अजिबात नको.

लाईफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर त्यानं प्रत्येकाच्या मागं उभं राहून खांद्याला धरून जॅकेट वर ओढलं. कानापर्यंत आलं की ढिलं, परत आवळ. दाजींचं तीनदा. "श्वास घ्यायला होईना रे," "मामा, बोलता येतंय न्हवं, मग श्वास येतोय."

वल्हवायचं काठावरच शिकवलं. वल्हं डोक्यावर आडवं धरायचं, कोपर काटकोनात आले की हात बरोबर जागेवर. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेजवळ आलं की काढायचं, आणि जोर दंडात नाही लावायचा, छाती-कंबर वळवायची. हे वाक्य तो दिवसभर म्हणत होता, "हात नको, कंबर, कंबर."

आणि मग पडणं. डोहासारखी संथ जागा होती, वीजघर बंद होतं, पाणी हलत नव्हतं. तो म्हणाला एका बाजूला वाका, अजून वाका, आणि गेलो. धरणाच्या खोल पोटातलं पाणी ते, फेब्रुवारीत असं गार की डोकं वर आल्यावर पहिला श्वास घेताच येईना, छाती नुसती आखडली. नेमकं ह्याच्याचसाठी हे आधी करून घेतात हे तेव्हा पटलं, कारण पोहता येणं आणि दचकल्यावर डोकं ठिकाणावर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाजींनी काय केलं, पट्टीचे पोहणारे न, वल्हं दिलं सोडून आणि सपासप हात मारत काठ गाठला. गाईडनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो म्हणाला मामा, पोहायला मस्त येतंय, पण तुमची होडी गेली तिकडं, वल्हं गेलं इकडं, आता उद्या धारेत तुम्ही काय करणार? परत.

वर यायची रीत अशी. आधी वल्हं धरायचं, मग कयाक. उलटी असेल तर सुलटी करायची. मग मधोमध यायचं, दोन्ही हात वर ठेवायचे, पाय मागं पाण्याच्या वर येईपर्यंत मारायचे आणि पोटावर सरपटत आडवं पडायचं. उभं राहून टांग टाकायला गेलं की ती परत अंगावर येते. पोटावर पडलो की कूस बदलून बुड खोबणीत, आणि सगळ्यात शेवटी पाय आत. माझं तिसऱ्या खेपेला जमलं, दाजींना वेळ लागला कारण पोट आणि जॅकेट दोन्ही आडवं येत होतं, मग त्यानं त्यांच्यासाठी दुसरी युक्ती काढली, दुसरी कयाक शेजारी लावून धरायची आणि मधून चढायचं. ते जमलं तेव्हा दाजी माझ्याकडं बघून असे हसले की ताईला फोटो पाठवायलाच पाहिजे होता, पण फोन ड्राय बॅगमध्ये, हवा दाबून, तोंड गुंडाळून, क्लिप लावून बंद.

दुपार संथ गेली, त्याबद्दल लिहायला फारसं काही नाही. दोन्ही काठाला झाडी, एकदा महाधनेश डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज आधी आणि पक्षी नंतर. मगरी? दांडेली गावाजवळ आहेत, आम्ही जिथं होतो तिथून बऱ्याच खाली. हे दाजींनी चारदा विचारून घेतलं.

मुक्काम एका शेतकऱ्याच्या मालकीच्या जागेत, कारण जंगल खात्याच्या हद्दीत असे कुठंही तंबू ठोकता येत नाहीत, तिकडं व्याघ्र प्रकल्प आहे. मला पाण्याच्या कडेला मऊ वाळू दिसली, म्हटलं इथं टाकूया की. पोरगा बोलला काही नाही, एक काठी घेतली आणि पाणी संपतं तिथं वाळूत खोचली. तंबू वर बांधाच्या पलीकडं, कयाक पण ओढून वर आणून झाडाला बांधल्या. जेवण शेतकऱ्याच्या घरचं, तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, आणि चुलीत भाजलेले कंद. जोयड्याच्या कुणब्यांकडं कंदांचे लई प्रकार असतात, मीठ-मिरची लावून खाल्ले, दाजी तेवढ्यावरच झोपले. घोरणं ऐकून जवळपास कुठलं जनावर आलं नसणार. सकाळी उठून बघतो तर काठी पाण्यात उभी, वरची वीतभरच दिसत होती, आणि माझी मऊ वाळू गायब. रात्री कधीतरी वीजघर चालू झालेलं.

म्हणजे निघायची वेळ झाली. वाहत्या पाण्यात नियम थोडेच, पण उलटे वाटतात. दगडावर जाऊन आदळलात तर दगडापासून लांब नाही, दगडाकडं वाकायचं, लांब वाकलं की धार येते त्या बाजूची कड पाणी दाबतं आणि उलटवतं. पडलात तर उभं राहायला जायचं नाही, पाणी गुडघाभर असलं तरी नाही, पाय दगडात अडकला की धार माणसाला पुढं वाकवून पाण्याखाली दाबते. पाठीवर पडायचं, पाय पुढं, बोटं पाण्याच्या वर. आणि धार जिकडं वाहते त्या बाजूला, कयाकच्या पुढं, कधी राहायचं नाही, ती आणि दगड ह्यांच्या मधे सापडलात तर संपलं.

दुसऱ्या धारेत माझी गेलीच. नाकात पाणी, कानात शिट्टी, आणि हाताला वल्हं होतं, ते मला नंतर कळलं. पाठीवर झालो, पाय पुढं, दगडाच्या मागं पाणी उलटं फिरतं तिथपर्यंत वाहत गेलो आणि तिथं गाईड दोरीची पिशवी हातात घेऊन उभाच होता, फेकायची वेळ आली नाही. दाजी? दगडाला टेकले, दगडाला मिठी मारल्यासारखे वाकले आणि सुटून पुढं, एकदाही न पडता. खालच्या मौळंगी गावाच्या अलीकडं नदीतून बाहेर पडेपर्यंत हे मला ऐकायला लागलं.

परत येताना रामनगरला भजी खाल्ली. दाजींनी ताईला फोन लावून सांगितलं, "पोरगं पडलं गं, मी न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी मला बरगड्यांपासून कमरेपर्यंत वळता येईना, गाईडनं सांगितलेलंच की दुखलं तर तिथं दुखलं पाहिजे. दाजींचे मात्र दंड दुखत होते, आठवडाभर.