टाउन हॉलच्या तीस पायऱ्या

फोर्टमध्ये हेरिटेज वॉक घेते त्याला आता बारा वर्षं होतील. लोकांना वाटतं, हे काम पाठांतराचं आहे. खरं तर निम्मं काम बोट करतं आणि उरलेलं ऊन. ज्याला सगळे एशियाटिक म्हणतात, त्या मुंबईच्या जुन्या टाउन हॉलचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि खांब सपाट दिसतात. ऊन उतरलं की पन्हळींत, म्हणजे खांबांवरच्या उभ्या खाचांत, सावल्या भरतात आणि आठही खांब एकदम पुढे येतात. म्हणून मी कायम संध्याकाळची वेळ धरते.

त्या रविवारी मात्र सकाळी सातला गेले. अंधशाळेची अकरा मुलं येणार होती, चौदा-पंधरा वर्षांची, बरोबर त्यांच्या बाई. मुलांना उन्हाचा उपयोग नव्हता, शांततेचा होता. आदल्या रात्री मी जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून इमारतीचा नकाशा केला, खांबांच्या जागी बाटल्यांची बुचं लावली. आणि मनाशी घोकलं, 'हे बघा' म्हणायचं नाही.

पहिल्याच मिनिटाला म्हटलं. कुणाला काही वाटलं नाही.

पायऱ्या मुलांनी मोजत चढल्या. वर पोचल्यावर तीन-चार आवाज एकदम आले, "तीस!" बरोबर तीसच आहेत. डोळस गटांपैकी कुणी त्या मोजल्याचं मला आठवत नाही. त्यांना पायऱ्या लागतात त्या फोटोसाठी.

मग खांब. मुलांनी हात धरून एका खांबाला वेढा घातला. एक मुलगी मात्र बाजूला, दुसऱ्या खांबाशी उकिडवी बसली होती. पन्हळीतून बोट खाली नेत नेत ती फरशीपर्यंत आली आणि म्हणाली, "ताई, ह्याला खाली बैठक नाही. हा सरळ जमिनीतूनच आलाय." ग्रीक डोरिक खांबाची खूण नेमकी हीच. खाली बैठक नसते, आणि दोन पन्हळींच्या मधे धारदार कड असते. हे समजावताना एरवी माझी दहा मिनिटं जातात, तरी निम्म्यांना कळत नाही. तिने ती कडसुद्धा नखाने दाखवली.

इतिहास मी भराभर सांगितला. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 1804 साली लिटररी सोसायटी, म्हणजे पुढची एशियाटिक सोसायटी, काढली आणि शहराला टाउन हॉल हवा ही कल्पना 1811 मध्ये मांडली. पैसा कुठून आणायचा? लॉटरी काढली, ती पुरली नाही. शेवटी सरकारने पैसा घातला. कर्नल थॉमस कूपर यांचा आराखडा, आणि इमारत पुरी झाली 1833 साली. विलायतेहून आलेल्या खांबांपैकी जास्तीचे भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला गेले, ही गोष्ट आमच्या धंद्यातले बरेच जण रंगवून रंगवून सांगतात. त्यातच वेळ संपतो आणि पायऱ्यांवर जे घडलं ते राहून जातं. मला ते पटत नाही.

घडलं ते असं. 1 नोव्हेंबर 1858 रोजी, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात, राणीचा जाहीरनामा ह्या पायऱ्यांवरून वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. कुणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, जातधर्म न बघता नोकऱ्या मिळतील, अशी वचनं त्यात होती. इथे माझं ठरलेलं वाक्य येतं, "आणि मुंबईने तो ऐकला."

"माइक होता का?" एका मुलाने विचारलं.

नव्हता.

"मग ऐकला कसा?"

बारा वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि मलाही ते कधी सुचलं नव्हतं. बाई म्हणाल्या, करून बघू. वर्गातला सगळ्यात खणखणीत आवाजाचा मुलगा वर खांबांमध्ये उभा राहिला. बाकीची पायथ्याशी गेली. तो ओरडला, "ऐका हो ऐका, आजपासून कंपनीचं राज्य संपलं!" पायथ्याशी शब्द न् शब्द आला. मग आम्ही रस्ता ओलांडून हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या कुंपणाशी गेलो. रविवार, गाड्या तुरळक. त्याने पुन्हा, आता दुसरंच काहीतरी वाचल्यासारखं म्हटलं. खांबाशी बसलेली ती मुलगी मान वाकडी करून ऐकत होती. "आ, ओ, ई एवढंच येतंय," ती म्हणाली. "क, त, ट वाटेतच पडतायत."

1858 मध्ये हे सर्कल नव्हतं, आवाज परतवायला ह्या गोलाकार इमारती नव्हत्या. बॉम्बे ग्रीनचं मोकळं मैदान होतं, पलीकडे सेंट थॉमस चर्च. आणि समोर अकरा मुलं नव्हे, जमाव. जाहीरनाम्याचे देशी भाषांत तर्जुमे झाले होते हे मला माहीत होतं. पण तर्जुमा झाला तरी तो मैदानाच्या मागच्या टोकाला पोचायला हवा ना?

"मागच्यांनी पुढच्यांना विचारलं असेल," एक जण म्हणाला.

"आणि त्यांनी अजून मागच्यांना," दुसरा म्हणाला. "म्हणजे शेवटच्या माणसाला भलतंच कळलं असेल."

त्या दिवसानंतर मी चार वॉक घेतले. दर वेळी 'आणि मुंबईने' पर्यंत येते आणि थांबते. पुढे काय म्हणायचं ते अजून ठरत नाही.

वरचा मुलगा खाली उतरून, बाईंचा हात धरून रस्ता ओलांडून आला. त्याला घाम फुटला होता. "दुसऱ्यांदा मी काय बोललो सांगा?" त्याने विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मग ती मुलगी म्हणाली, "तू खूप जोरात बोलत होतास, एवढं कळलं."